साफ करताना सुटलेली गोळी

आमच्या कालव्याच्या दोन्ही काठांवर तरुण पोरं मरतात ती बंदूक साफ करताना. निदान घरची माणसं तसं सांगतात. शेजारी मान डोलावतात, मुल्ला प्रार्थना म्हणतो आणि पोराला इतरांसारखीच नजफच्या पवित्र दफनभूमीत नेऊन माती देतात. पोर स्वतःच्या हातानं गेलं, हे तोंडातून कुणी काढत नाही. एवढ्या निष्काळजी हातांच्या गावात बंदुका ठेवतातच कशाला, असं परक्या माणसानं विचारलं तर त्याला चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं, ही आमची रीत.

सबीहा या रीतीतच म्हातारी होत चालली होती. बसऱ्याच्या उत्तरेला, वेतांच्या बेटांमध्ये तिचं घर. दारात पाच म्हशी. पहाटे दूध तापवून त्यावरची जाड साय थाळ्यात धरायची आणि डोक्यावर घेऊन बाजारात बसायचं. तिच्या सायीला पलीकडच्या काठच्या बायकाही यायच्या. "उम्म निहाद, आज साय पातळ का गं? म्हशीही रुसल्या की काय?" असं त्यांनी छेडलं की ती म्हणायची, "साय तीच आहे. तुझ्या नवऱ्याची भूक वाढलीय." नवरा लवकर वारला होता. निहाद आणि अकील हे दोन मुलगे, हाच तिचा संसार. थोरल्याच्या नावावरून गाव तिला उम्म निहाद, म्हणजे निहादची आई, म्हणायचं.

मग कुणाचं मासळीचं जाळं कुणी कापलं यावरून दोन काठांत वैर पेटलं. जाळं कापणारा कोण हे आजवर कुणाला नक्की सांगता आलेलं नाही, आणि मेलेल्यांत त्याचा नंबर लागला की नाही तेही ठाऊक नाही. निहाद नावेत बसलेला असताना पलीकडून गोळी आली. नावेच्या दुसऱ्या टोकाला अकील होता. भावाचं डोकं मांडीवर घेऊन, एका हातानं वल्हं मारत तो घरी आला.

त्यानंतर अकील जेवायला बसायचा आणि भाकरीचे तुकडे करत राहायचा. वाटेत कुणी ना कुणी टोचायचंच, "भावाचं रक्त वाळलं की रे. तुला अजून चहा गोड लागतो?" अकीलच्या हातून कुणाला मारवणार नव्हतं. न मारता मान वर करून फिरणंही गावानं त्याला अवघड करून टाकलं होतं. सबीहाला हे दिसत होतं. बाजारात बसून तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती. भांडण पेटायच्या आधी बंदूक साफ करताना कुणी मेल्याचं वर्षानुवर्षं कानावर यायचं नाही. आता एका काठी खून झाला की काही महिन्यांत कुठल्यातरी घरात बंदूक साफ करताना सुटायची. मरणारा खून झालेल्याचा भाऊ असायचा, नाहीतर मित्र, आणि एकदा तर खून करणाराच होता. दोन्ही काठांवर हेच. सबीहा जिवाच्या आकांतानं मुलावर डोळा ठेवून होती. एका सकाळी ती म्हशींना पाण्यावर घेऊन गेली, तेवढंच.

गोठ्यामागे पडलेला अकील तिलाच आधी दिसला. दुसरी एखादी असती तर तिनं बंदुकीशेजारी साफ करायची तेलाची चिंधी ठेवली असती. आमच्या बायकांना ते न शिकवता येतं. सबीहाला त्या क्षणी काही सुचलं नाही. ती बंदूक डोळ्यांसमोर नको, एवढंच तिला कळलं. तिनं ती अकीलच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून वैरणीच्या ढिगात खुपसली आणि मगच हंबरडा फोडला.

लोक धावत आले. अंगात गोळी, आणि आसपास बंदूक नाही. मग काय, पलीकडच्यांनीच मारला. त्या सकाळी विसाम नावाचा पलीकडचा एक पोरगा वेत कापायला तिथून गेल्याचंही कुणाला लगेच आठवलं. आमच्याकडे अशा वेळी लोकांची स्मरणशक्ती भलतीच तल्लख होते. सबीहा मूग गिळून बसली. पोराला माती तरी नीट मिळू दे, मग बघू, असं तिनं मनाशी म्हटलं.

मातीनंतर थोड्याच दिवसांनी दिराचा मुलगा हैसम दारात आला. निहादच्या वयाचा, तिच्याच अंगणात वाढलेला. गालफडं बसलेली, डोळे लाल.

"काकू, माझ्यावर आलंय. उद्या दुपारच्या नमाजानंतर. विसाम बाजारातून परततो तेव्हा."

"काय आलंय तुझ्यावर?"

"तुझं काळीज थंड करायचं."

सबीहाच्या हातातलं भांडं तिथंच राहिलं. उद्या विसाम मरेल, परवा हैसम. आणि नंतर त्या दोघांच्या भावांच्या बंदुका साफ होत राहतील. तिनं वैरण उपसली.

टोळीप्रमुख शेखच्या वेतानं बांधलेल्या बैठकघरात बायका पाऊल टाकत नाहीत. सबीहा सरळ आत गेली, चुलीजवळ बसली आणि कडू कॉफीचा पेला मागून घेतला. पेला तोंडाला न लावता तिनं समोर जमिनीवर ठेवला.

पाहुण्यानं पेला असा खाली ठेवला की यजमानाला त्याचं मागणं विचारावंच लागतं, आणि ते मान्य होईस्तोवर पाहुणा पेला उचलत नाही. पण हे बाप्यांनी करायचं.

शेख रिसाननं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पी, उम्म निहाद. तुझं मागणं काय ते सांग."

"विसामला हात लावू नका. माझ्या अकीलला त्यानं मारलं नाही." तिनं सदरा उलगडला. दस्त्यावर निहादनं कोरलेली मासोळी सगळ्यांना ओळखीची होती. "ही अकीलच्या हातात होती. मी लपवली."

"बाईचं डोकं फिरलंय," मागून कुणी म्हणालं.

"फिरलंय ना. दोन पोरं गेल्यावर तुमचं फिरत नसेल, माझं फिरलं." ती थांबली नाही. "निहादला लागलेली गोळी त्याच दिवशी थांबली असं तुम्हाला वाटतं. ती माझ्या घरात हिंडत होती. अकीलच्या ताटात होती, अंथरुणात होती. तुम्ही येता-जाता तिला वाट दाखवलीत. आता हैसमला देताय?"

"तोंड सांभाळ!" शेख ओरडला.

तेवढ्यात कोपऱ्यातला म्हातारा नावाडी शलाल डोक्याचं फडकं काढून त्यात तोंड लपवून रडू लागला. "माझाही पोरगा बंदूक साफ करत नव्हता," तो म्हणाला. "चिंधी मी ठेवली होती."

त्याला कुणी गप्प केलं नाही. शेखनं दाराशी बसलेल्या हैसमकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या पेल्याकडे. "पी," तो पुन्हा म्हणाला. "विसामला कुणी हात लावणार नाही."

कॉफी निवून गेली होती. ती तिनं एका घोटात संपवली.

याची किंमत तिनं मोजली. मुल्लानं तिच्या घराकडे पाठ फिरवली. जाऊ बोलेनाशी झाली. बाजारात साय उरू लागली. अकीलच्या मातीबद्दल बायका कुजबुजायच्या, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागायचं. आपण मुलाची अब्रू चव्हाट्यावर मांडली, या विचारानं ती म्हशीच्या कुशीत डोकं खुपसून रडायची. त्याच वेळी विसाम पलीकडच्या काठावर वेताचे भारे रचताना दिसायचा. दिसला की ती डोळे पुसायची आणि धार काढायला लागायची.

एका सकाळी ती दूध तापवत असताना हैसम आला. खांद्यावर बंदूक होती. तो दारातच उभा राहिला.

"आत ये की. पाहुणा आहेस का?"

त्यानं बंदूक खांद्यावरून काढली आणि तिच्यापुढे धरली.

"काकू, ही तुझ्याकडे राहू दे. घरी असली की मला रोज ती साफ करावीशी वाटते."

सबीहा उठली. तिनं बंदूक घेतली, बाहेर जाऊन कालव्यात टाकली आणि परत येऊन चुलीपुढे बसली. गरम भाकरीवर ताज्या सायीचा जाड थर घालून तिनं ती त्याच्या हातात दिली.

"खा. आणि उद्यापासून पहाटे ये. धारा काढायला माझे दोन हात पुरत नाहीत."

हैसम खाली बसला. पहिला घास त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.