खुणेचा रकाना

साळवेबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, असे मी संपादकांना विचारले. त्यांनी ते बाईंनाच विचारले. बाईंचा निरोप आला, "भांडण लिही, पण तुझी बाजूही नीट लिही. उगीच मला मोठं करू नकोस." त्यांनी नेमून दिलेले काम मी आजवर कधी टाळलेले नाही, म्हणून लिहिते.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या यजमानांना फरीदाबादच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून इथल्या एका नव्या सेक्टरात राहायला आलो. घरासमोर गव्हाचे शेत होते आणि घरामागे सिमेंटच्या पोत्यांची थप्पी. शाळाही नवीच होती. संगणकाच्या पदविकेवर मला तिथे वर्षभराच्या कराराने शिक्षिका म्हणून घेतले. शाळेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर संगणककक्षाचे छायाचित्र होते. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे, नऊ संगणक आणि प्रत्येकावर प्लॅस्टिकचे आवरण. बूट बाहेर काढल्याशिवाय कोणी आत यायचे नाही. देवघरापेक्षा तिथले सोवळे कडक होते, आणि किल्ली माझ्याकडे होती.

श्रीमती रूथ साळवे भूगोल शिकवत. माहेर नगरकडचे, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. यजमानांची केंद्र सरकारची नोकरी, बदली होऊन दिल्लीला आले आणि इथलेच झाले. एके दिवशी बाई सातवीचा अख्खा वर्ग घेऊन माझ्या दाराशी उभ्या राहिल्या. चाळीस मुले, प्रत्येकाचे बूट हातात.

"आत येऊ का?" त्यांनी विचारले.

"वेळापत्रकात तुमचा तास नाही," मी म्हणाले. "आणि भूगोलाला संगणक कशाला हवा?"

"ते मलाही नीट माहीत नाही. आत आल्यावर कळेल."

मी दार उघडले नाही. बाई "बरं" म्हणाल्या आणि व्हरांड्यात मुलांना बसवून शिकवू लागल्या. मी मात्र मुख्याध्यापिकांकडे जाऊन तक्रार केली. एखाद्या मुलाने पाणी सांडले असते, एक यंत्र बिघडले असते, तर जबाबदारी माझी आणि करार जाणार तोही माझा. ही माझी बाजू. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतले आणि बाईंना आठवड्यातून एक तास देऊन टाकला. मला फार राग आला. पुढचे काही दिवस मी स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरची खुर्ची टाळत होते.

त्या तासाचे काय करायचे, हे बाईंच्या वर्गातल्या एका मुलीने ठरवले. रजनी तिचे नाव. तिच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले, डॉक्टरांना फोन गेला, ते लगेच निघालेही. पण घर सापडेना. आमच्या सेक्टरात प्लॉटचे क्रमांक कागदावर ओळीने होते, जमिनीवर नव्हते. एकशे बाराच्या शेजारी तीनशे चाळीस. रस्त्यांवर पाट्या नव्हत्या, विचारावे तर माणूस नव्हते. डॉक्टरांची गाडी तासभर फिरत राहिली. वडील वाचले. दुसऱ्या दिवशी 'नकाशाची अंगे' हा धडा चालू असताना रजनीने हे वर्गात सांगितले. बाईंनी पुस्तक मिटले.

"तो यह पाठ हम करके सीखेंगे," त्या मुलांना म्हणाल्या. "अपने सेक्टर का नक्शा बनाते हैं."

मुलांचे गट पडले. एक गट पावलांनी रस्ते मोजी, एक घरोघरी विचारी, एक आधीच्यांचे काम तपासून पाही आणि एक ती माहिती माझ्याकडे संगणकावर भरी. गट दर आठवड्याला बदलत. यंत्रावर बसलेल्याने पुढच्या आठवड्यात उन्हात चालायचेच. संगणकाशेजारी बसायला हुशार मुलांची झुंबड उडे, तेव्हा बाई मुद्दाम ज्याने अजून कळफलकाला हात लावला नसेल त्याला पुढे बसवत. त्यांनी स्वतःही हात लावलेला नव्हता. फरहीन नावाची एक अबोल मुलगी होती, वर्षभर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. बाई सगळ्यांदेखत तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मुझे नहीं आता. तुम सिखाओगी?" तिसऱ्या आठवड्यात फरहीन त्यांना चक्क रागावताना ऐकू आली, "मॅम, धीरे! इतनी ज़ोर से नहीं दबाते!" बाई हसून "सॉरी" म्हणाल्या. शिक्षकाने वर्गात विद्यार्थ्याला 'सॉरी' म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

माहितीसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. गल्ली, प्लॉट क्रमांक, कुटुंबाचे नाव. यादी एका क्षणात क्रमाने लागे, तेव्हा मुले टाळ्या वाजवत. माझा राग केव्हा गेला, ते मला सांगता येणार नाही. इतके आठवते की शनिवारी बाईंचा तास असे आणि मी शुक्रवारपासून त्याची वाट पाहू लागले होते.

नकाशा तयार झाला. पालकसभेच्या दिवशी तो सभागृहात भिंतभर लावला. सेक्टरच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष आले होते. संघ तो छापून घरोघरी वाटणार होता. फरहीन काठी घेऊन पाहुण्यांना समजावून सांगत होती. आमच्या शाळेत शांतीजी म्हणून आया होत्या. रोज सकाळी माझा कक्ष त्याच झाडत. चहाचा ट्रे घेऊन त्या नकाशापाशी थांबल्या.

"बिटिया, हमारा घर किधर है?"

फरहीनची काठी नाल्यापर्यंत गेली आणि थांबली. नाल्यापलीकडे शांतीजींची वस्ती होती. सेक्टरची घरे बांधणारे, तिथे धुणीभांडी करणारे लोक तिथे राहत. नकाशावर त्या जागी हिरवा रंग भरून 'मोकळी जमीन' असे लिहिले होते.

"आंटी... यहाँ तो खाली जगह है," फरहीन हळूच म्हणाली.

"अच्छा," शांतीजी म्हणाल्या आणि ट्रे घेऊन पुढे गेल्या.

बाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. थोड्याच वेळात अध्यक्षांनी कौतुकाचे भाषण केले आणि बाईंना बोलायला बोलावले. बाई माईकपाशी गेल्या आणि म्हणाल्या की हा नकाशा अपुरा आहे. "सीमा मैंने खींची थी, बच्चों ने नहीं. नाले के पार लोग रहते हैं, मुझे मालूम था. गलती मेरी है. पूरा करके देंगे."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मैडम, वो लोग आज हैं, कल नहीं रहेंगे. नक्शा ऐसे ही छपने दीजिए."

"भाईसाहब, कल नहीं रहेंगे तो कल मिटा देंगे," बाई म्हणाल्या. "आज तो हैं."

हे बोलणे शाळेला रुचले नाही. परीक्षा जवळ आली होती, काही पालकांनी तक्रारीच्या चिठ्ठ्या पाठवल्या. मुख्याध्यापिकांनी बजावले की पालकांच्या लेखी संमतीशिवाय एकही मूल नाल्यापलीकडे जाणार नाही. बाईंनी वाद घातला नाही. आठवडाभर शाळा सुटल्यावर त्या एकेका घरी गेल्या. ज्यांनी सही दिली त्यांचे आभार मानले, ज्यांनी दिली नाही त्यांच्याकडे चहा पिऊन आल्या आणि त्यांच्या मुलांना शाळेतले काम दिले. शनिवारी शांतीजी पुढे आणि मुले मागे, अशी मिरवणूक वस्तीत जाऊ लागली.

आणि मग माझ्या कक्षात सगळे अडले. मुले नोंदी भरायला बसली की यंत्र भोंगा वाजवी. "मॅम, ये ले ही नहीं रहा," फरहीन म्हणाली. मी पाहिले. वस्तीत प्लॉट क्रमांक नव्हते, आणि तो रकाना रिकामा असला तर प्रोग्राम नोंद नाकारत होता.

"एखादा खोटा क्रमांक घाला, चालेल," मी म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "खोटा कशाला? अनघा, ही अट यंत्राची आहे की तुझी?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरेच माहीत नव्हते, म्हणून त्या विचारत होत्या.

"माझी," मी म्हणाले.

"मग तुला बदलता येईल?"

इतके दिवस मी समजत होते की चूक बाईंची, त्यांनी कबूल केली, विषय संपला. पण त्यांनी एक रेघ नाल्यावर ओढली होती आणि मी तशीच एक प्रोग्राममध्ये ओढून ठेवली होती. मी खुर्ची ओढली आणि मुलांना विचारले, "वहाँ लोग एक-दूसरे का घर कैसे ढूँढते हैं?" उत्तरांचा पाऊस पडला. नीम के पास. हैंडपंप के पीछे. नीला दरवाज़ा. जहाँ बकरी बँधी रहती है. त्या तासाला मी अट काढून टाकली आणि एक नवा रकाना केला: 'खूण'. पहिली नोंद शांतीजींच्या घराची. फरहीनने ती स्वतः भरली. यंत्र गप्प राहिले आणि वर्गाने आरडाओरडा केला.

"मॅम, हमारे घरों की भी निशानी डालें?" रजनीने विचारले. मग साऱ्या सेक्टरची पुन्हा फेरी झाली. यादीत अध्यक्षांच्या बंगल्यापुढे मुलांनी लिहिले होते, 'कुत्ता भौंकता है, काटता नहीं'. यादी त्यांच्या हातात पडली तेव्हा आम्ही दोघी श्वास रोखून बसलो होतो. ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी नकाशा वस्तीसकट छापला. कुरकूर केली, पण छापला. डॉक्टरांनी एक प्रत दवाखान्यात लावली आणि नंतर सांगितले की ते प्लॉट क्रमांक बघतच नाहीत, खूणच बघतात.

पुढे काही वर्षांनी ती वस्ती खरोखरच उठली. शांतीजींनी तो नकाशा रेशनकार्डाच्या घडीत जपून नेला. सरकारदरबारी त्या कागदाला काही किंमत मिळाली का, मला माहीत नाही. "इसमें हमारा नाम लिखा है," एवढेच त्या म्हणाल्या.

बाईंनी माझ्यासाठी काय केले ते मला फार उशिरा कळले. वर्ष संपताना माझा करार वाढवायचा की नाही, हे ठरायचे होते. मला कायम केले गेले. मला वाटले, माझ्या गुणवत्तेवर. मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला एक पत्र दाखवले. बाईंनी लिहिले होते की नकाशातला कठीण भाग माझा होता आणि चूक दुरुस्त करणारा शिक्षक शाळेने सोडू नये. कोणाची चूक, ते पत्रात लिहिलेले नव्हते.

माझा मुलगा रोहन फरीदाबादलाच वाढला. सहा वर्षांचा असताना पुण्याहून आईचा फोन आला, तिने त्याला विचारले, "उंबरठ्यावर बसायची सवय गेली का रे?" आणि तो मला म्हणाला, "मम्मा, उंबरठा क्या होता है?" मी बाईंपाशी रडगाणे गायले. बाईंनी एक कोरी कॅसेट आणून दिली. रोहनने तीत मराठीत प्रश्न विचारायचे, कॅसेट टपालाने पुण्याला, आईने दुसऱ्या बाजूला उत्तरे द्यायची. आई आधी लाजली, मग खुलली. तीन-चार वर्षे ती कॅसेट येत-जात राहिली. आज आई नाही. रोहनच्या घरी त्या कॅसेटवर तिचा आवाज आहे, आणि छोटा रोहन तिला शुद्ध मराठीत चिडवतोय.

गेल्या महिन्यात या लेखासाठी मी बाईंना भेटायला गाझियाबादला गेले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, चालताना काठी लागते, पण रविवारचा वर्ग चालू आहे. सोसायटीतली मराठी मुले आणि नगरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेची मुले मोबाईलवरून एकमेकांना भेटतात. दोन्हीकडे रोज ठरल्या वेळी तापमान नोंदवायचे, कोणते झाड केव्हा फुलले, कोणता पक्षी केव्हा आला ते लिहायचे, आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बोलायचे, असा नवा उपक्रम आहे. तिकडची मुले इकडच्यांना 'सुगरण' पक्षी कसा ओळखायचा ते शिकवतात, इकडची त्यांना तक्ते करायला शिकवतात.

"किती दिवसांचा उपक्रम आहे?" मी विचारले.

"एका वर्षाच्या नोंदींवरून काही कळत नाही गं," बाई म्हणाल्या. "निदान तीन वर्षं तरी हवीत. मुलांना मी शब्द दिलाय."

पंचाहत्तरीच्या निमित्ताने आपण सगळ्यांनी त्यांना काय शुभेच्छा द्यायच्या, या विचारात मी तिथे गेले होते. त्यांनी तो प्रश्नच ठेवला नाही. बाई, तुमचे गुडघे साथ देवोत, नजर अशीच तल्लख राहो, आणि हा तीन वर्षांचा उपक्रम तुमच्या हातून पुरा होवो. तो पुरा झाला की तुम्ही म्हणाल, तीन वर्षांवरून काही कळत नाही, निदान दहा तरी हवीत. आम्ही सगळे बूट हातात घेऊन दाराशी उभे असू.