रिकामं मशीन

"मेधा, साइन-ऑफ झालंय. आता त्या डॉक्युमेंटला हात लावायचा नाही," समीर म्हणाला.

समीर माझा मॅनेजर. डॉक्युमेंट म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं, याची यादी. ती लिहिणं हे बिझनेस अॅनालिस्टचं, म्हणजे माझं काम. साइन-ऑफ म्हणजे क्लायंटची मंजुरी.

क्लायंट होतं विश्रांतवाडीचं एक डायलिसिस सेंटर. कुठल्या पेशंटला कुठलं मशीन द्यायचं, ते आमचं सॉफ्टवेअर ठरवणार होतं. सगळ्या मीटिंग सेंटरच्या मॅनेजरांशी, कुलकर्णी सरांशी, आमच्याच ऑफिसात झाल्या. त्यांचं म्हणणं एकच. "जे मशीन रिकामं, ते पुढच्या पेशंटला. सोपं आहे हो."

मला ते जरा जास्तच सोपं वाटलं. प्रत्यक्ष बघून येते म्हटलं, तर समीरचं उत्तर आलं, "गरज नाही." शेवटी कुलकर्णी सरांना फोन केला. "या की, बघायला कोण नको म्हणतंय!" मी रजा टाकून गेले. हो, ऑफिसच्या कामासाठी स्वतःची रजा!

तिथे साळुंखे सिस्टर सगळं सांभाळत होत्या. कोपऱ्यातलं मशीन रिकामं होतं आणि बाहेर एक आजोबा तासभर ताटकळत बसले होते.

"सिस्टर, त्यांना या मशीनवर का घेत नाही?"

"ते हिपॅटायटिस बी असलेल्यांचं मशीन आहे, मॅडम. रक्तातून पसरतो तो. दुसऱ्या कुणाला त्यावर घेत नाही आम्ही."

"हे कुलकर्णी सरांनी सांगितलं नाही."

"ते कुठे आत येतात? आणि आम्हाला कोणी विचारलंच नाही."

आमच्या स्क्रीनवर ते मशीन हिरवं, म्हणजे रिकामं, दिसलं असतं आणि आजोबांचं नाव त्याच्यापुढे आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी हे मांडलं.

"सिस्टर बघून घेतील की ऐनवेळी," कुलकर्णी सर म्हणाले.

"सिस्टर रजेवर असल्या तर? नवीन सिस्टर स्क्रीनवरच विश्वास ठेवणार, सर."

समीरने मध्येच तोडलं. "हे फेज टूमध्ये, सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर घेऊ. तारीख पुढे जाता कामा नये."

माझं डोकंच फिरलं. "ठीक आहे. तोवर कुणाला लागण झाली तरी चालेल, असं मेलवर लिहून दे. तुझ्या नावासकट डॉक्युमेंटला जोडते."

मेल अर्थातच आला नाही. तारीख दोन आठवडे पुढे गेली. साळुंखे सिस्टरना पहिल्यांदाच मीटिंगला बोलावलं आणि अर्ध्या तासात त्यांनी आणखी चार चुका दाखवल्या. सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर क्लायंटकडून समीरच्या दूरदृष्टीचं कौतुक करणारं पत्र आलं. त्यात सिस्टरचं नाव नव्हतं. माझ्या वार्षिक अप्रेझलमध्ये समीरचा शेरा होता, "क्लायंटसमोर बोलताना संयम हवा."

नवीन मुलं विचारतात, या कामासाठी कुठला कोर्स करू? कुठलाही करा. डायग्राम काढणं महिनाभरात जमतं. पण जो माणूस ते सॉफ्टवेअर वापरणार, त्याच्यापर्यंत जाऊन विचारायचं आणि ऐकलेलं साहेबांना न घाबरता सांगायचं, याचं सर्टिफिकेट कुणी देत नाही. मिळालाच तर शेरा मिळतो.