उपासाची खिचडी

नेरूळच्या दवाखान्यात आतड्याच्या तपासणीआधी आम्हा दोघांना पोट साफ करायचं खारट औषध पाजत होते. शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा प्रत्येक घोटाला डोळे मिटायचा, मग मिशा पुसायचा. त्याला संडासातून रक्त जायचं.

नर्सनं विचारलं, "काका, काल उपाशी होतात ना?"

"कडक उपास केला. फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली."

"अहो, उपाशी म्हणजे पोट रिकामं! आता पुढच्या आठवड्यात या."

सगळे हसले. उठताना तो मला म्हणाला, "बायको गेल्यावर पहिल्यांदाच हातानं केली हो. चांगली झालेली."

तो रक्ताचं दुखणं तसंच घेऊन घरी गेला.

दुपारी नर्स मला म्हणाली, "बाबा, तुमचं पोट एकदम साफ!"

साफ असणारच. माझी म्हातारी गेल्यापासून मी गॅस पेटवलेलाच नाही.