खोटी आवृत्ती

अंबत्तूरच्या त्या कारखान्यात ब्रेकच्या नळ्या दाबाखाली तपासायचं एक यंत्र होतं, आणि २००४ साली ते सावनीच्या ताब्यात होतं. सावनी मूळची कऱ्हाडची, चेन्नईत येऊन दोन वर्षं झालेली. कामाला वाघीण; पण साहेबांनी आवाज चढवला की तिच्या तोंडून 'नाही' निघत नसे.

त्या सकाळी यंत्राचा जुना कम्प्युटर बंद पडला. नवा जोडला, तर दाबाचा काटा दाखवणारा प्रोग्राम उघडेचना. 'आवृत्ती जुळत नाही', एवढंच पडद्यावर.

"अकराला या ऑर्डरच्या नळ्या बघायला तपासनीस येतायत," साहेब, म्हणजे देवेश, म्हणाले. "काहीही कर, पण चालू कर."

तिने प्रोग्राम वाचायला घेतला. पडद्यावरची बटणं, काटे सगळं टीके नावाच्या साधनाने काढलेलं. हे टीके सुरू होतानाच काही व्हेरिएबल, म्हणजे नावं दिलेले माहितीचे कप्पे, आपणहून भरून ठेवतं. त्यातलं 'टीके व्हर्जन' स्वतःची आवृत्ती सांगतं. नव्या कम्प्युटरवर तिथे ८.४ होतं. आधीच्या इंजिनियरने मात्र पहिल्याच ओळीत पहारा बसवला होता: ८.३ नसेल तर थांब. का, ते लिहिलं नव्हतं, आणि तो नोकरी सोडून गेलेला.

पण त्या व्हेरिएबलला कुलूप थोडंच असतं! सावनीने पहाऱ्याच्या वर एक ओळ घातली आणि त्यात ८.३ भरलं. प्रोग्राम निमूट उघडला. देवेश खूश होऊन निघून गेले. सावनीला मात्र चैन पडेना. ती पुढचा प्रोग्राम वाचत बसली.

पलीकडे वेंकोबा नळ्या तपासत होता. तंजावरच्या मराठी घरातला, पन्नाशीचा कामगार. सहा नळ्या ठीक झाल्या.

खाली एका ओळीवर सावनी थांबली. काटा काढणारी फाइल आवृत्तीचा आकडा बघून निवडली जात होती. म्हणजे तिच्या थापेमुळे नव्या टीकेवर जुनी फाइल चालली होती. तिने मान वर केली. सहा नळ्यांना नीट चाललेला पडद्यावरचा काटा आता मधेच शून्यावर पडला होता. यंत्राच्या पाइपावर बसवलेल्या गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, खरा काटा एकशे ऐंशीवर थरथरत होता, आणि वेंकोबाचा पाना सातव्या नळीच्या नटावर होता.

"वेंकोबामामा, हात काढा!"

तो जागच्या जागी थिजला. "काय झालें अक्का? शून्य दिसतें की."

"पडदा खोटा आहे. गेज बघा, गेज!"

त्याने बघितलं. पाना खाली ठेवला आणि बाजूची चावी फिरवून दाब सोडला. मग तो स्टुलावर बसला.

देवेश धावत आले. सगळं ऐकून हळूच म्हणाले, "आज गेजवर चालवा. तपासनिसांना काही बोलू नका."

"नाही, सर," सावनी म्हणाली. "ती ओळ मी घातलीय. मीच सांगणार."

तपासनीस गुरुमूर्ती यांनी ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाले, "सकाळपासूनच्या सगळ्या नळ्या गेजवर पुन्हा तपासा. पडदा दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद."

ऑर्डर पुढे ढकलली गेली. देवेश महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिने आपली ओळ खोडली, काट्याची फाइल नव्या आवृत्तीसाठी लिहून काढली, आणि गेज शून्यावर आल्याशिवाय नळीचा नट सुटणार नाही अशी सोय यंत्रातच करून घेतली. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी वेंकोबा पाना घेऊन पुढे आला, पण तिने त्याला थांबवलं. पहिली नळी तिने स्वतःच्या हातांनी सोडवली.