चर्चमध्ये उरलेला एकच बाक

काय सांगू भिया तुम्हाला, पाळक जात्याच खादाड असतात असं कुणी म्हणालं तर मी भांडायला उठेन. पण माझ्याबद्दल म्हणालं, तर मला गप्पच बसावं लागतं. घ्या, चहा घ्या, सांगतो.

मी नगरकडून इंदूरला पाळक म्हणून आलो, तेव्हा संस्थान जाऊन नुकतंच मध्यभारत राज्य झालं होतं. जिकडे तिकडे बदलाचंच बोलणं. मग मला कुठला धीर धरवतोय? मुळात मी उतावळा माणूस. प्रार्थनेत डोळे मिटले तरी माझा पाय हलत असतो, असं आमची बायको म्हणते.

मला डाचत होते ते आमच्या चर्चमधले बाक. त्यांवर बसायची जुनी घराणी, म्हणजे संस्थानातले कारकून, मास्तर वगैरे. आणि सिमरोलकडून पायी येणारी शेतकरी मंडळी मागे, चपलांपाशी, जमिनीवर. कुणी मनाई केली नव्हती हो! पण बाकावर या म्हटलं की ती आणखीच मागे सरकायची. मी एका रविवारी जाहीर करून टाकलं, बाक काढा, सगळेच सतरंजीवर बसू.

अमृतराव उठून उभे राहिले. हे चर्चचा कारभार पाहणारे आमचे सगळ्यांत जुने पंच, संस्थानच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्या बाकांवर त्यांच्या वडिलांनी स्वतः रंधा मारलेला. ते एवढंच म्हणाले, "मी आहे तोवर बाक हलणार नाहीत, पाळकसाहेब."

झालं! मंडळीत दोन तट पडले. निम्मे लोक रस्त्यात दिसले तरी सलाम करेनात. हे असंच चाललं तर मलाच गाशा गुंडाळून नगरला परत जावं लागणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग मला युक्ती सुचली. शुक्रवारी सगळ्यांनी उपास करून प्रार्थना करायची आणि संध्याकाळच्या उपासनेत बाकांचा फैसला. अमृतरावांनी विचारलं, चहा चालेल का? मी व्यासपीठावरून ठणकावलं, पाण्याशिवाय काही नाही, देवाला अर्धामुर्धा उपास चालत नाही. म्हातारा आधी मोडेल अशी माझी खात्री होती, आता लपवू कशाला?

शुक्रवारी सकाळपासून मला स्वस्थ बसवेना. माझ्या येरझारा बघून बायकोच वैतागली. शेवटी सायकल काढली आणि अमृतरावांचं घर गाठलं. म्हटलं, पोट रिकामं आहे तर मनही नरम असेल.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. पाळक घरी आला की समोर येईल ते त्यानं खायचं, हा आमच्यातला रिवाज. बशी परत गेली तर घरातल्या बाईचा अपमान. त्यामुळे माझ्या हाताला सवयच लागलेली. तो मला विचारत नाही.

ओसरीवर बसलो आणि सुरू झालो. नेमकी त्याच सकाळी अमृतरावांची बहीण, आत्याबाई, देपालपूरहून आली होती. तिला उपासाची काय खबर? ती आली आणि माझ्यासमोर काहीतरी ठेवून गेली. मी म्हणत होतो की भुकेनं माणूस नम्र होतो, उपासानं डोळे उघडतात. अमृतरावांचे डोळे खरोखरच मोठे झाले! मला वाटलं, लागला शब्द. मी आणखी जोर केला. त्यांची सून दारात आली आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. मला वाटलं, बिचारी रडतेय. आत्याबाई पुन्हा येऊन काहीतरी वाढून गेली. मी "बस, बस" म्हणालो, तेसुद्धा सवयीनंच.

"अमृतरावजी," मी गहिवरून म्हणालो, "सकाळपासून माझ्या पोटात कण नाही. पण आतून किती हलकं वाटतंय!"

अमृतराव थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "उपासाला शेव चालते का, तेवढं सांगा. म्हणजे मीही घेतो."

मी खाली पाहिलं. बशीत शेव-पोह्यांचे चार दाणे उरलेले आणि बोटांना जिलबीचा पाक. अरे देवा! धरणी दुभंगली असती तर मी सायकलसकट आत गेलो असतो.

घरी आलो. दिवसभर मनातल्या मनात राजीनामा लिहीत होतो आणि खोडत होतो. संध्याकाळी चर्च गच्च भरलं. सगळ्यांचे चेहरे भुकेनं सुकलेले, एकट्या पाळकाला ढेकर आवरत नव्हता.

अमृतराव उठले.

"आज पाळकसाहेब माझ्या घरी आले होते," ते म्हणाले. "आजवर मला वाटायचं, कुणी वरचा, कुणी खालचा. आज डोळ्यांनी पाहिलं, आपण सगळे एकाच जमिनीवरचे. बाक काढा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, आणि मी त्याला मोडायला निघालो होतो!

"फक्त एक राहू द्या," अमृतराव पुढे म्हणाले. "पाळकसाहेबांसाठी. भरल्या पोटी त्यांना मांडी घालवत नाही."

आता सिमरोलची मंडळी सगळ्यांत पुढे, सतरंजीवर बसतात. अमृतराव त्यांच्या शेजारी. उपदेश संपला की मी आपला माझ्या बाकावर जाऊन बसतो. तो मागे ठेवलाय, चपलांपाशी.