शाळेच्या पुस्तकातली माझी ओळ

बडनेऱ्याच्या ज्या पालिकेच्या शाळेत मी शिकलो, तिचा इतिहास यंदा छापायला निघाला. मुख्याध्यापिका बाईंनी खेळांचं प्रकरण मोबाइलवर वाचायला पाठवलं. खो-खोचे संघ, कुस्तीतली पोरं, अर्धं मैदान नव्या इमारतीखाली कसं गेलं, सगळं होतं. सहाशे मीटरच्या शर्यतीखाली माझं नाव आणि पुढे एवढंच: वय जास्त निघाल्याने विभागीय स्पर्धेतून बाद.

मी अकोल्यात जिनिंगच्या जुन्या मशिनरीचा धंदा करतो. हातात काही नसताना उभा केला. तेल्हाऱ्यापासून परतवाड्यापर्यंत लोक मला चिवट म्हणतात, फटकळ म्हणतात, ते खरंच आहे. लबाड कोणी म्हटलेलं नाही. आता शाळाच म्हणत होती. मी बाईंना तिथल्या तिथे फोन लावला आणि नको तेवढं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, रजिस्टरमध्ये आहे तेच लिहिलंय.

रजिस्टरचंच तर दुखणं आहे. आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं एक जूनला जन्मलेली. आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून टाकून मोकळे. माझे बाबा रेल्वेत गँगमन, आई जिनिंगमध्ये रुई वेचायला जायची, मला सांभाळायला घरी कोणी नाही. म्हणून पावणेपाच वर्षांच्या मला बाबांनी शाळेत नेलं आणि सहा पूर्ण झाले म्हणून सांगितलं. गुरुजींनी एक जून लिहिलं. आई शेवटपर्यंत सांगायची की मी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आहे, बाबा नोकरीत पक्के झाले त्या वर्षीचा. कागदावर मी सव्वा वर्षाने मोठा झालो, आणि पुढे रेल्वेच्या पासावर, बाबांच्या सर्व्हिसच्या कागदांत तीच तारीख चढली.

नववीत असताना आमच्या शाळेत सहाशे मीटरला माझ्या जवळपास कोणी येत नव्हतं. खेळाचे सर गट ठरवताना कागद पाहत नसत, उंची पाहत. मी काटकुळा, म्हणून चौदा वर्षांखालच्या गटात. शहराच्या स्पर्धेत मी पहिला आलो, तिथे कोणी काही विचारलं नाही. विभागीय स्पर्धा अमरावतीला होती. तिथे टेबलावर बसलेल्या साहेबांनी आमच्या शाळेचे दाखले एकामागून एक उलटले आणि हसले.

"काय सर, सारी टीम एकाच दिवशी जन्मली? गावात त्या दिवशी दुसरं काई काम नव्हतं का?"

सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी माझा दाखला बाजूला काढला. साडेचौदा.

मी तेव्हाही भांडलो. आईने सांगितलेलं सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, बापाला आणा, त्याने इथे लिहून दिलं तर पळू देतो, दाखला मागाहून दुरुस्त करा. सर लुना घेऊन बडनेऱ्याला गेले. शर्यतीला पाऊण तास होता. मी मैदानाच्या कडेला अनवाणी उभा होतो, पाय मोकळे करत होतो. बाबा येणार, खरं सांगणार, यात मला शंका नव्हती.

बाबा ड्युटीवरून तसेच आले, बगलेत झेंड्या. साहेबाने कागद पुढे केला आणि विचारलं, पोरगा किती वर्षांचा? बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"शायेत लिवलं हाय तेच खरं, साहेब."

मी त्यांना सर्वांसमोर शिवी दिली. बापाला देऊ नये ती. ते झेंड्या सावरत परत गेले. माझ्या लेनमध्ये कोणी नव्हतं, शर्यत झाली, आणि जो जिंकला त्याला मी आमच्या मैदानावर कितीदा तरी मागे टाकलं होतं.

हे सगळं त्या फोननंतर बाईंना सांगितलं. त्यांच्याशी सौदाही करून पाहिला. मैदानाला तारेचं कुंपण घालून देतो, कबड्डीच्या मॅट देतो, ती एक ओळ काढा. त्या म्हणाल्या, भाऊ, मॅट द्यायच्या तर द्या, पण ओळीसाठी नको. वडील आहेत ना? त्यांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र आणा, मी खरं काय ते छापते.

बाबा माझ्याकडेच असतात. नव्वदीला टेकलेत, कान शाबूत आहेत. मी पत्र लिहून त्यांच्यापुढे ठेवलं, वाचून दाखवलं. वय चुकीचं सांगितलं होतं हे त्यांनी लगेच कबूल केलं. सही म्हणताच हात पांघरुणात गेला.

"पेन्सन बंद करतीन."

मी समजावलं, चिडलो, ओरडलो. पेन्शन ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाशी फोनवर बोलणं करून दिलं. त्याने हसून सांगितलं की असं काही होत नाही. बाबांनी फोन परत दिला आणि नाही म्हणून मान हलवली. आयुष्यभर धंद्यात समोरच्याला त्याच्या किमतीवरून खाली आणणारा मी, एका पेनाला हात लावायला त्यांना तयार करू शकलो नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं.

"तुले पयायचंच होतं, त मंग पुढच्या साली काऊन नाई पयाला?"

पुढच्या वर्षी सर दोनदा घरी आले होते. सतरा वर्षांखालच्या गटात घेतो म्हणाले, तिथे माझ्या कागदाला काही अडचण नव्हती. मी गेलो नाही. बाप घरात असेल तेव्हा मुद्दाम बाजेवर पडून राहायचो, सरांना हाक ऐकू आली नाही असं दाखवायचो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं आणि बाबांनी विचारलं तेव्हा त्यांनाही सांगितलं नाही. पत्र घडी करून खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना कळवलं, राहू द्या तसंच. त्यांनी विचारलं, वडिलांशी बोलणं झालं का? मी हो म्हटलं. पुस्तक छापायला गेलं. बाबा अजून दुपारी दाराशी गाडी थांबली की हात पांघरुणात घेत विचारतात, शाळेतून कोणी आलं का सही घ्यायला. मी सांगतो, कोणी नाही आलं, झोपा.