सांडलेला चहा

अंगणातल्या काँक्रीटवर चहा सांडला होता आणि आमचे हे त्याच्याशेजारी उकिडवे बसून चक्क हसत होते. मी दारातच थबकले.

काँक्रीट केल्यापासून यांनी त्या अंगणाला फार जपलं. लोणच्याच्या फोडींना तिथे हळद लावायची नाही, स्कूटर उभी करायची नाही. कुणी कप घेऊन बाहेर निघालं की पाठोपाठ यांचा आवाज, "सांभाळून हं, डाग पडेल!" पाहुणे बिचारे दारातच उभ्याने चहा संपवायचे.

काल कडक ऊन बघून यांनी स्वतः रोलरने अंगणभर सीलर लावला. डाग आणि पावसाचं पाणी मुरू न देणारा तो पारदर्शक लेप. आज तो वाळल्यावर परीक्षा म्हणून आपलाच चहा ओतला होता.

"अगं, बघ तरी! मुरतच नाहीये." चहाचे टपोरे थेंब उन्हात चमकत होते. यांनी फडकं फिरवलं, तर खाली अंगण जसंच्या तसं. "जा, हळद आण!"

मी हळद आणली, तेलही आणलं. आम्ही दोघं लहान मुलांसारखे सांडत होतो, पुसत होतो. मनात आलं, लेप लागला अंगणाला, पण धास्ती गेली ती यांची. जपण्याच्या नादात माणसाचं किती वापरायचं राहून जातं!

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. "बाहेरच बसा," म्हणत यांनी सतरंजी अंथरली आणि रायवळ आंब्यांची पाटी मधोमध ठेवली. रस यांच्या कोपरावरून खाली टपटपत होता आणि हे खुशाल पुढचा आंबा निवडत होते.